पडीक जमिनीचा हिशेब

सातबाऱ्यावर जमीन कोणाची, क्षेत्र किती, आकारणी किती, यंदा तिच्यात काय उभं आहे, हे सगळं सापडतं. ती किती वर्षांपासून विसाव्याला टाकली आहे आणि पुन्हा कधी फोडायची, याला रकाना नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्यानं आपल्या शेतात उभं राहून मोबाइलमध्ये पिकाचा फोटो काढायचा. महाड तालुक्यातल्या वरंधच्या उतारावर ज्याचा माळ आहे त्यानं फोटो कशाचा काढायचा? नाचणी होती त्याला वर्षं लोटली. आता तिथं करवंदीची जाळी, कुडा, ऐनाचे फुटवे आणि कमरेएवढं गवत. अशा जमिनीसाठी सरकारी नोंदीत दोन शब्द आहेत, चालू पड आणि कायम पड. काही वर्षांनी पुन्हा फोडायची म्हणून जाणूनबुजून राखलेली पड या दोन्हींत धड बसत नाही.

महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात जमीन पड टाकणं हे शेतीतलंच एक काम होतं, असं माझं म्हणणं आहे. गेल्या दीडशे वर्षांत या उतारांबद्दल जे कायदे झाले, ज्या योजना आल्या, जे अहवाल लिहिले गेले, त्यांतल्या बहुतेकांनी पड म्हणजे रिकामी जागा असं धरलं. आणि रिकामी जागा दिसली की ती भरायची कोणाला तरी घाई होतेच. वनखात्याला तिथं साग दिसला, फलोत्पादनवाल्यांना आंबा-काजू, जमीन-दलालाला सेकंड होम. ज्यांच्या हातची ती शेती होती त्यांना कोणी फारसं विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा ऐकलं नाही.

आधी इथली जमीन कशी लागते ते पाहू. भोरकडून वरंध घाट उतरलं की माझेरी, वरंध, पुढे बिरवाडी आणि महाड. रामदासांनी दासबोध जिथं सांगितला असं परंपरा मानते ती शिवथरघळ याच डोंगरात. दक्षिणेला पोलादपूर आणि तिथून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. ओढ्या-नद्यांच्या काठाला भाताची खाचरं, तीही एकूण जमिनीच्या मानानं थोडी. खाचरांच्या वर माळ आणि वरकस, त्यावर रान, आणि माथ्याकडच्या सपाटीला धनगरवाडे. वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग हरीक किंवा कारळे-तीळ, आणि माती थकली की पड. या पडीच्या वर्षांत जमीन काहीच देत नसे असं नाही. गुरांना चारा, घर शाकारायला गवत, चुलीला काटक्या आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे राबाला कवळ, हे सारं तिथूनच येई.

राब म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. भाताचं रोप आधी दाढीत वाढवायचं आणि मग खाचरात लावायचं, ही इथली रीत. दाढीची जागा भाजून तयार करायची. त्यासाठी होळीच्या आगेमागे ऐन-किंजळीच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडायच्या, त्यांचे भारे बांधून डोक्यावरून खाली आणायचे. हे भारे बहुतेक बायका आणतात. मग दाढीच्या जागेवर शेण-गोवऱ्यांचा थर, त्यावर कवळ, त्यावर पालापाचोळा आणि वाळकं गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. मातीचा थर नीट बसला नाही तर आग भडकते आणि सगळं भसाभस जळून जातं. आग लावायची ती वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे ती सरपटत, धुमसत पुढे जाते. राखेचा तो काळा चौकोन पावसाची वाट पाहत पडून राहतो. भाजलेल्या जागेतलं रोप जोमदार येतं, तणाचा त्रास कमी होतो आणि आवणीच्या वेळी ते हलक्या हातानं उपटतं. वर्षानुवर्षं कवळ तोडलेली ऐनाची झाडं रायगडच्या डोंगरात आजही ओळखू येतात. सरळ खांबासारखं खोड आणि त्याला चिकटून फुटलेला पाला.

म्हणजे खाचरातला भात उतारावरच्या पडीवर उभा होता. 1948 च्या कूळकायद्यालाही हे कळलं होतं. त्यात वरकस जमिनीची व्याख्याच भातशेतीच्या राबासाठी वापरायची जमीन अशी केली आहे. पुढच्या कायद्यांना मात्र याचा विसर पडला.

इथं थोडं लांब, स्वीडनला जाऊन येतो. कार्ल लिनियसचं नाव आपल्याकडे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या धड्यात येतं आणि तिथंच संपतं. 1749 साली तो सरकारी कामगिरीवर दक्षिण स्वीडनच्या दौऱ्यावर निघाला. वाटेत त्याचा जन्मप्रांत स्मोलांड लागला, दगडगोट्यांचा आणि गरिबांचा. तिथले शेतकरी रानाचा तुकडा तोडून जाळत, राखेत राय पेरत, एक-दोन पिकं घेत आणि जागा पुन्हा रानाला सोडून देत. राजधानीतल्या शहाण्यांच्या मते हा देशाच्या लाकडाचा नाश होता. लिनियसनं प्रवासवर्णनात लिहिलं की या खडकाळ जमिनीवर दुसरा उपाय नाही, जाळणी बंद केली तर या माणसांच्या तोंडची भाकरी जाईल. दरबारात वजन असलेले बॅरन होर्लेमान संतापले. 1751 मध्ये पुस्तक आलं तेव्हा तो मजकूर काढलेला होता आणि त्या जागी शेणखताबद्दलचा निरुपद्रवी उतारा घातलेला होता. येल विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ मायकल डव्ह यांनी हे प्रकरण अलीकडे पुन्हा उकरून काढलं. आशियातल्या फिरत्या शेतीवर काम करणाऱ्या माणसाला स्वीडनमधला हा कागद महत्त्वाचा वाटावा, यात नवल नाही. डोंगरउतारावरची आग म्हणजे अडाण्यांचा उद्योग, हा समज युरोपनं आधी आपल्याच उत्तरेकडच्या शेतकऱ्यांवर वापरून पाहिला आणि मग जहाजातून इकडे आणला.

तो इकडे आला आणि कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात राबाशी त्याची गाठ पडली. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या जाऊ लागल्या आणि ठाणे-कुलाब्यातून तक्रारींचा पाऊस सुरू झाला. कवळ तोडायला बंदी म्हणजे दाढ नाही, आणि दाढ नाही म्हणजे भात नाही, हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारला 1880 च्या दशकात चौकशीसाठी वन-आयोग नेमावा लागला. त्याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं राबावर प्रयोग सुरू केले. 1889 मध्ये हिंदुस्थानची शेती पाहायला विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी 1893 च्या आपल्या अहवालात राबाचा विचार गांभीर्यानं केला. इथल्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी तो जे करतो ते का करतो हे तपासा, असा त्या अहवालाचा एकूण सूर आहे.

मग 1912 मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी पश्चिम हिंदुस्थानातल्या राब-पद्धतीवर स्वतंत्र प्रबंध काढला. मान यॉर्कचे, म्हणजे इंग्लंडच्याही उत्तर भागातले. पुढे 1917 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पिंपळे सौदागरची गावपाहणी आपल्याकडच्या ग्रामीण अभ्यासाची मुहूर्तमेढ मानली जाते. राबाच्या प्रयोगांत त्यांना दिसलं ते असं की राखेतलं खत ही अर्धीच गोष्ट आहे. माती तापल्यानं तिच्यातच बदल होतो आणि रोपाला त्याचा फायदा मिळतो. म्हणजे नुसतं खत टाकून राबाचं काम भागत नाही. वनखात्याचा मुख्य मुद्दा नेमका तोच होता, की फांद्या जाळण्यापेक्षा शेण घाला. एकूण काय, लिनियसच्या पुस्तकात ज्या शेणखतानं जाळणीची जागा घेतली, त्याच शेणखताचा इथंही आग्रह धरला जात होता, आणि प्रयोगशाळेनं तो टिकू दिला नाही.

तरी धोरण बदललं नाही. यावरून मला वाटतं, शेतकऱ्याचं ज्ञान शास्त्रानं सिद्ध केलं की प्रश्न सुटतो, ही आपली भाबडी समजूत आहे. वनखात्याला राब चुकीचा आहे असं मनापासून वाटत होतंच असं नाही. त्याला झाडं हवी होती. मातीचं तापमान मोजून तो वाद मिटणार नव्हता, कारण तो मातीचा नव्हताच, हक्काचा होता.

हक्काचं बोलायचं तर खोतीला वळसा घालून पुढे जाता येत नाही, आणि इथंच जुन्या व्यवस्थेचं गुणगान करणाऱ्यांचीही पंचाईत होते. हा उतार आणि ही खाचरं एका साखळीत होती हे खरं, पण साखळीची चावी खोताकडे होती. भाताचा खंड त्याचा, वरकसातल्या पिकात त्याचा वाटा, कित्येक ठिकाणी झाडावरही हक्क त्याचा. कूळ कवळ तोडायचं ते खोताच्या मर्जीनं आणि त्याच्या वेठीला राबून. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 असा सहा वर्षं जमिनी न कसण्याचा संप केला तो नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, खोतांविरुद्ध. बाबासाहेब आंबेडकरांचा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, हे महाडच्या स्मरणात तेवढं ठळक नाही. 1927 चा पाण्यावरचा हक्क आणि 1937 चा जमिनीवरचा हक्क ही एकाच माणसाची, एकाच मुलखाबद्दलची दोन पावलं आहेत. खोती कायद्यानं गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. त्यामुळे ‘पूर्वी आमच्याकडे निसर्गाशी किती सुंदर नातं होतं’ असं कोणी म्हणू लागलं की मी विचारतो, भारा कोणाच्या डोक्यावर होता आणि खंड कोणाच्या कोठारात जात होता?

खोत गेला आणि त्याच्या जागी कागद आला. 30 ऑगस्ट 1975 पासून महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा लागू झाला आणि कोकणातल्या कितीतरी खाजगी उतारांना वनसंज्ञा लागली. पुढे लहान खातेदारांना जमीन परत देण्याची तरतूद झाली, पण कागदपत्रांचा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. या कायद्याचा उलटा परिणाम बघा. ज्यानं माळ राखला, पडीवर झाडं वाढू दिली, त्याची जमीन जंगल ठरण्याची भीती. ज्यानं बोडका केला, त्याची शेती शाबूत. झाडं वाढली तर वन, नाही वाढली तर पडीक. या दोन शब्दांच्या मधली अवस्था, म्हणजे वाढू दिलेलं आणि पुन्हा तोडायचं रान, कायद्याला ओळखताच येत नाही. झाडं वाचवण्यासाठी आणलेल्या कायद्यानं झाडं वेळेवर तोडून टाकायला शिकवलं, असं मी अनेकांकडून ऐकलंय आणि मला ते पटतं.

दळी जमिनींची गोष्ट याहून कडू. इंग्रजी अमलात कुलाब्यातल्या जंगलांच्या हद्दीत ठाकूर, कातकरी, धनगरांना नाचणी-वरीसाठी उताराचे तुकडे दळी म्हणून मिळाले. पिढ्या गेल्या, पण ते कसणाऱ्याच्या नावावर झाले नाहीत. रायगडात सर्वहारा जन आंदोलनानं हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं दार उघडलं, पण 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा सिद्ध करा अशी अट आली. आता फिरत्या शेतीत कब्जा दाखवायचा कसा? तो तुकडा त्या वर्षी पड असेल तर उपग्रहाच्या चित्रात तिथं झुडपं दिसणार. पुन्हा तोच फोटोचा प्रश्न.

माणसांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे काही प्रमाणात ओळखलं. माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांवर केलेल्या कामात पश्चिम घाटाचा उतार जातीजातींनी कसा वाटून घेतला होता ते दिसतं. दरीत आणि खालच्या उतारावर कुणबी, माथ्याकडे म्हशी राखणारे गवळी. लोणी-तूप खाली यायचं, धान्य वर जायचं. गाडगीळांनी वा. द. वर्तकांबरोबर देवरायांचंही काम केलं, ते जास्त गाजलं. देवराई डोळ्यात भरते. तिला देव असतो, कथा असते. पडीला यांतलं काहीच नाही, म्हणून संरक्षणाच्या यादीत देवराई येते आणि पड येत नाही. खरं तर रानाचा फार मोठा भाग पडीतून तयार झालेला आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे कसणारे हात, ज्यांच्याकडे अभ्यासकांनीही उशिरा पाहिलं. एस्टर बोसरप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाई 1950 च्या दशकाच्या शेवटी हिंदुस्थानात काम करून गेल्या आणि 1965 मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं. शेतीच्या पद्धती त्यांनी पडीच्या लांबीवरून लावल्या. लांब पड, आखूड पड, पडच नाही. लोकसंख्या वाढली की पड आखूड होते आणि माणसं जास्त कष्ट करून जास्त पिकवतात, असं त्यांचं म्हणणं. वरंधला उलटं झालं. माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, नंतर महाडच्या एमआयडीसीत, सुरतेला, पुण्याला. हात कमी झाले तसे पहिले सुटले ते उतारावरचे तुकडे. पड लांबत गेली आणि एक दिवस तिला शेवटच राहिला नाही. हेमलता दांडेकरांनी साताऱ्याच्या सुगाव गावावर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच पुरुष मुंबईला, बायका घरी अशा अर्थाचं आहे. घाटाखालीही तेच. घरी राहिलेल्या बाईला भात, गुरं, म्हातारी माणसं सांभाळून नाचणीचा माळ फोडणं शक्य नव्हतं. 1990 पासून रोजगार हमीतून फळबागेला पूर्ण अनुदान मिळू लागलं तेव्हा काही माळांवर काजू-आंबा आला. चांगलं झालं. पण ज्याची जमीन आणि ज्याच्याकडे कुंपणाला पैसा, त्याच्याच माळावर. दळीवाल्याला काजूही मिळाला नाही.

हे सुटलेले उतार पुन्हा चर्चेत आले ते दरडींमुळे. 25-26 जुलै 2005 च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथं दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 ला तळीयेत डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडी. त्यानंतर कारणांची यादी प्रत्येकाकडे तयार होती. कोणी रस्त्याचं काम म्हणालं, कोणी वृक्षतोड, कोणी हवामानबदल. एका दिवसात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला होता हे विसरून चालणार नाही, आणि पड राखली असती तर डोंगर थांबला असता असं म्हणणं गेलेल्या माणसांचा अपमान होईल. पण उतारावर कसणूक होती तेव्हा तिथं माणसाचा रोज पाय पडायचा. बांध फुटला की त्याच दिवशी कळायचं, पाण्याला चर काढला जायचा, जमिनीला भेग दिसली की ती गावात बोलली जायची. आज त्या माळांवर पावसाळ्यात कोणी जात नाही. दरडीच्या पाहणीत खडक आणि पाऊस मोजला जातो, तो मोजायलाच हवा. पण कुठला माळ शेवटचा कधी नांगरला, कुठल्या ओहोळाचं तोंड कोणी आणि कधी बदललं, हे सांगणारी माणसं अजून गावात आहेत आणि ती माहितीही तितकीच मोजण्याजोगी आहे.

फिनलंडमध्ये कोली नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं आता वनखातंच दर उन्हाळ्यात रानाचा एक तुकडा जाळतं आणि पेरतं, जुनी जाळणी-शेती टिकावी म्हणून. पर्यटक ते बघायला येतात. ज्यांना त्या आगीसाठी दोष दिला त्यांची नातवंडं तिकीटघरापाशी उभी आहेत, अशी माझी आपली कल्पना. आपल्याकडेही उद्या एखादा ‘राब महोत्सव’ निघेल, ढोल वाजतील, नाचणीची भाकरी आणि ठेचा मिळेल. मला तो नको आहे. राब पुन्हा सगळीकडे भाजला जावा असंही माझं म्हणणं नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं भारे वाहिले तिला तो बंद झाल्याचा आनंदच होतो आणि तिच्या मानेला तो हक्क आहे.

मला हवी आहे ती नोंद. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे निघत आहेत. महाड-पोलादपूरच्या गावांबद्दल त्यात काय ठरायचं ते ठरेल. पण ठरवताना उतारावरचा प्रत्येक तुकडा वन आहे का शेती, एवढंच विचारलं जाणार असेल तर आपण 1878 मध्येच आहोत. कातकरी वाड्यांच्या प्रश्नावर रायगड-ठाण्यात कॅनडातले डॅनियल बकल्स आणि कर्जतचे राजीव खेडकर यांनी जे काम केलं, ते 2013 मध्ये पुस्तकरूपानं आलं. त्यात वाड्यांनी आपला नकाशा आपण काढला, आपल्या घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते आपण शोधलं. वरंधच्या माळांसाठी हे करता येईल. ग्रामसभेनं वाडीवार बसून प्रत्येक माळाचं नाव, शेवटची नाचणी कधी, कवळ कोणाच्या झाडाचं, पाणी कुठून जातं, दळी कोणाची, हे लिहून घ्यावं आणि ते वनहक्काच्या दाव्यात पुरावा म्हणून जोडावं. सामूहिक वनहक्काच्या तरतुदीत याला जागा आहे.

विद्यापीठातल्या संशोधकांना यात काम आहे, पण एका अटीवर. रॉबर्ट चेंबर्स यांनी 1983 मध्येच लिहून ठेवलंय की शहरातला पाहुणा खेड्यात जातो तो डांबरी रस्त्यानं आणि कोरड्या महिन्यांत, म्हणून त्याला गरिबी अर्धीच दिसते. वरंध घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो. जानेवारीत येऊन प्रश्नावली भरून घेणाऱ्याला माळ म्हणजे वाळलेलं गवत एवढंच दिसणार. मृगाच्या आधी खाली उतरून दसऱ्यापर्यंत वाडीवर राहायची तयारी असेल, आणि निघताना वहीची मराठी प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची असेल, तर त्यानं यावं.